साडेचौदा लाख म्हणजे किती?

प्लेसमेंटचा सीझन आला की आपल्या कॉलेजात एकच प्रश्न कानावर पडतो, "पॅकेज किती?" आणि उत्तरही एकाच आकड्यात. सहा. साडेआठ. बारा! नोटीस बोर्डवर फोटोखाली छापतात तोही एकच आकडा. हा आकडा म्हणजे पगार, असं मी तिसरं वर्ष संपेपर्यंत अगदी मनापासून समजत होते. मग या मे महिन्यात आमच्या घरात एकदम दोन ऑफर लेटर आली आणि माझा समज चार दिवसांत उतरला. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत चुका सापडल्या तर पोटात घाला, आकड्यांत सापडल्या तर मात्र जरूर येऊन सांगा.)

ऑफर माझ्या नव्हेत, दादाच्या. तो तीन वर्षं पुण्यात नोकरी करतोय. आमचं घर झरीला, तलासरी तालुक्यात, गुजरातची हद्द जवळच. पप्पा उंबरगावच्या जीआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातात. माझी फी दादाच्या पगारातून जाते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या हिशोबात मी काही तटस्थ पंच नाही.

पहिली ऑफर एका जुन्या मोठ्या कंपनीची, पुण्यातच, ११ लाख. दुसरी बेंगळुरूच्या एका स्टार्टअपची, साडेचौदा लाख. मी म्हटलं यात विचार कसला करायचा? साडेतीन लाखांचा फरक आहे! पप्पांनी मात्र ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "ते ठीक. महिन्याला हातात किती येणार?" दादा गप्प. त्यालाही चटकन सांगता येईना. शेवटी मी वही घेतली.

आधी ११ लाखांचं पाहू. लेटरवर लिहिलेली रक्कम ही सीटीसी, म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला कितीला पडता तो आकडा. तुम्हाला किती मिळतात तो नव्हे. मी हे समजावून सांगायला लागले तर पप्पा हसले. म्हणाले, "म्हणजे आमच्या ठेकेदारासारखं. पगार सांगताना जेवण आणि गाडी धरून सांगायचं." मी पुस्तकातून दोन पानं वाचून जे समजून घेतलं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं!

तर त्या ११ लाखांत बेसिक ५,४०,००० आणि इतर भत्ते ४,००,०००. इथपर्यंत खरा पगार. त्यापुढे कंपनीने भरायचा पीएफ २१,६०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे महिना १,८००), ग्रॅच्युइटी सुमारे २६,०००, विम्याचा हप्ता १२,४००, आणि शेवटी "परफॉर्मन्स बोनस, १,००,००० पर्यंत". त्या "पर्यंत" या शब्दाखाली मी पेन्सिलने दोन रेघा मारल्या आहेत.

हातात येतात ते ९,४०,००० मधून दादाचा स्वतःचा पीएफ २१,६०० आणि प्रोफेशनल टॅक्स २,५०० जाऊन. उरले ९,१५,९००, म्हणजे महिन्याला ७६,३२५. इन्कम टॅक्स शून्य, कारण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर उरत नाही, आणि पगारदाराला ७५,००० ची वजावट वेगळी. पीएफ हातात येत नसला तरी तो आपलाच असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून ४३,२०० मी परत मिळवले. ग्रॅच्युइटी मात्र धरली नाही. कायम नोकरीत ती सहसा पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, आणि दादाच्या वर्गातला एकही मुलगा अजून एका जागी तीन वर्षं टिकलेला नाही. विम्याचा उपयोग आहे पण तो पैसा नाही. बोनसचं दादाने तिथल्या ओळखीच्या मुलाला विचारलं, तर गेल्या दोन वर्षांत साधारण ८० टक्के दिला होता. म्हणून ८०,००० धरले. एकूण झाले १०,३९,१००. कागदावर ११ लाख, हिशोबात १० लाख ३९ हजार. हे त्या मानाने सरळ लेटर म्हणायचं.

बोनस म्हटला की एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपले आजोबा-पप्पा "दिवाळीचा बोनस" म्हणतात तो कायद्याचा बोनस. १९६५ च्या बोनस कायद्याखाली तो कमीत कमी ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा जवळजवळ बारावा हिस्सा, आणि जास्तीत जास्त २० टक्के. ठराविक पगाराच्या आतल्या कामगाराला तो हक्काने मिळतो. ऑफर लेटरमधला "परफॉर्मन्स बोनस" हा त्याचा नुसता नावबंधू. तो कंपनीच्या मर्जीवर, तुमच्या रेटिंगवर आणि वाटपाच्या दिवशी तुम्ही कंपनीत असण्यावर अवलंबून.

आता साडेचौदा लाख. यात पगार आणि भत्ते मिळून ७,९८,२००, पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी सुमारे २०,२००. बेरीज ८,४०,०००. जॉइनिंग बोनस १,००,०००. परफॉर्मन्स बोनस १,१०,००० पर्यंत. आणि ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, ४,००,०००. झाले साडेचौदा.

तशाच वजाबाक्या केल्यावर महिन्याला हातात येतात ६४,५०८. पहिल्या ऑफरपेक्षा ११,८१७ कमी! इथे घरात सगळे एकदम शांत झाले. मोठ्या पॅकेजचा महिन्याचा पगार लहान, हे आईला तर शेवटपर्यंत पटलं नाही.

जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, पण सीटीसीत तो दरवर्षीचा असल्यासारखा बसलेला असतो. शिवाय वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायचा. परफॉर्मन्स बोनसचा अंदाज करायला इतिहासच नव्हता, तेव्हा मी ६० टक्के धरला, ६६,०००. यात माझा अंदाज चुकू शकतो. पहिल्या वर्षी रोख आणि पीएफ मिळून ९,८३,३०० होतात. दुसऱ्या वर्षापासून जॉइनिंग बोनस गेला की ८,८३,३००. म्हणजे पहिल्या वर्षी ५५,८०० ने कमी आणि पुढे दरवर्षी १,५५,८०० ने कमी. पगारवाढ दोन्हीकडे सारखी धरून सोडून दिली, तर चार वर्षांत फरक पडतो ५,२३,२०० रुपयांचा.

आता प्रश्न एवढाच राहिला, की हे सव्वापाच लाख ते शेअर भरून काढतील का?

लेटरमध्ये लिहिलं होतं, चार वर्षांत १६ लाखांचे ऑप्शन. आकडा आला कुठून? ४,००० ऑप्शन, आणि शेवटच्या गुंतवणुकीच्या वेळी शेअरचा भाव ४०० रुपये. गुणाकार करा, १६ लाख. त्याला चारने भागा, वर्षाला ४ लाख. पण ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, शेअर ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क. तो भाव, एक्सरसाइज प्राइस, होता १०० रुपये, आणि तो मागच्या पानावर बारीक अक्षरांत. म्हणजे कंपनीचाच ४०० चा भाव खरा मानला तरी एका ऑप्शनमागे फायदा ३०० चा, एकूण १२ लाखांचा. पहिल्याच पायरीला ४ लाख गळाले.

दुसरी पायरी व्हेस्टिंगची, म्हणजे हक्क आपल्या नावावर कधी होतो ती. सगळे ऑप्शन पहिल्या दिवशी मिळत नाहीत. आपल्याकडे कायद्यानेच ईसॉप दिल्यापासून किमान एक वर्ष थांबावं लागतं. इथे पहिल्या वर्षाअखेर १० टक्के, मग २०, मग ३० आणि चौथ्या वर्षी ४०. अशी मागे भार टाकणारी वाटणी काही ह्या स्टार्टअपने शोधलेली नाही. अ‍ॅमेझॉनची ५, १५, ४०, ४० अशी वाटणी बरीच वर्षं प्रसिद्ध आहे, फक्त तिथे पहिल्या दोन वर्षांची उणीव रोख बोनसने भरून काढत. दादाच्या बाबतीत पहिल्या वर्षी ४०० ऑप्शन, म्हणजे कंपनीच्याच भावाने १,२०,०००. लेटर म्हणतं ४,००,०००.

मी हे सगळं मोठ्याने वाचत होते. आजोबा आतल्या बाजूला पडून ऐकत होते. ते इतका वेळ काहीच बोलले नव्हते. आता म्हणाले, "ते चारशे रुपये ठरवले कुणी? माप कुणाचं?"

आजोबांच्या या प्रश्नामागे आमच्या गावाचा इतिहास आहे, म्हणून थोडं थांबते. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची मोठी सभा झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती आणि जिल्हा ठाणे. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी इथे काम सुरू केलं होतं. त्या सभेला पाचएक हजार माणसं जमली होती असं म्हणतात. (आमचे पणजोबा त्यांत होते, असं आजोबा सांगतात. खरंखोटं देव जाणे, झरीतल्या प्रत्येक घरातला पणजोबा त्या सभेला होता!) वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, आणि सावकाराच्या खासगी शेतावर दिवसाला १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय कामाला जायचं नाही, असं तिथे ठरलं. वारल्यांच्या त्या लढ्यावर गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरीत त्यांच्या नावाचं कॉलेजही आहे.

शाळेत हा धडा म्हणून वाचताना मला वाटायचं, मागणी फक्त जास्त मजुरीची होती. आजोबांनी त्या दिवशी "रोख" या शब्दावर बोट ठेवलं. लग्नासाठी घेतलेलं कर्ज, पावसाळ्यात नेलेली खावटी, त्यात वळती होणारी मजुरी, हे सगळं मालकाच्या मापाने मोजलं जायचं. धान्य देताना पायली त्याची, परत घेताना पायली त्याचीच. माणूस वर्षभर राबून त्याला काय मिळालं ते त्याला सांगताच येत नसे. १२ आणे मात्र कुणीही मोजून घेऊ शकतो. त्याच वर्षी गवतकापणीसाठी ५०० पौंडांना अडीच रुपये अशी मागणी झाली, आणि संप चालू असताना १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. हिशोबाच्या नजरेने पाहिलं तर अडीच रुपये म्हणजे ४० आणे, म्हणजे १२ आण्यांच्या दराने तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस. ५०० पौंड कापायला याहून जास्त वेळ लागत असेल तर रोजावर जाणं बरं, कमी लागत असेल तर पौंडावर. बोनसवाली ऑफर आणि फिक्स पगाराची ऑफर अशीच ताडून बघायची असते, एक दुसरीच्या मापात आणून.

आणि वस्तूच्या रूपातल्या मजुरीबद्दल कायदाही पहिल्यापासून सावध आहे. १९३६ चा पगार वाटपाचा कायदा म्हणाला, पगार चलनी नाण्यांत किंवा नोटांत द्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने किमान वेतन रोखीत द्यायला लावलं, रूढी असेल तिथेच सरकारच्या परवानगीने वस्तू चालेल असं ठेवलं. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या वेतन संहितेत वस्तूरूपाने दिलेला मोबदला १५ टक्क्यांपर्यंतच वेतन म्हणून धरायचा असं आहे. त्याच संहितेत भत्ते वगैरे निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनात मोजायचा, हेही आहे. बेसिक लहान ठेवून पीएफ-ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली. ऑफर लेटरमध्ये बेसिक बघायची सवय लावून घ्या.

तर, माप कुणाचं? शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे असतील तर माप बाजाराचं. तिथे हिशोब सोपा. आरएसयू असतील तर एक्सरसाइज प्राइस नसते, व्हेस्ट झालेल्या शेअरची संख्या गुणिले त्या दिवशीचा भाव. ती रक्कम पगारात धरून कर कापला जातो, पुढे विकताना वाढलेल्या भागावर भांडवली नफ्याचा कर. कंपनी अमेरिकेची असेल तर डॉलरचा भाव हा आणखी एक व्हेरिएबल. इन्फोसिसचं उदाहरण नेहमी देतात. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी १९९३ मध्ये ९५ रुपये भावाने बाजारात आली आणि १९९४ पासून तिने कर्मचाऱ्यांना शेअरचे हक्क दिले. पण क्रम बघा. आधी बाजार, मग ईसॉप. घेणाऱ्याला रोज पेपरात भाव दिसत होता आणि विकायला जागा होती.

स्टार्टअपच्या शेअरला बाजार नसतो. ४०० हा भाव शेवटच्या गुंतवणूकदाराने दिलेला, आणि त्याचे शेअर बहुधा वेगळ्या जातीचे असतात. कंपनी विकली गेली तर आधी त्याचे पैसे, उरले तर साध्या शेअरवाल्यांचे. बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती, जुलै २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथल्या ईसॉपवाल्यांचं पॅकेज किती होतं म्हणायचं? आणि बाजारात येऊनही सुटका नाही. पेटीएम नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपये भावाने आली आणि पहिल्याच दिवशी २७ टक्क्यांच्या आसपास पडली.

एवढं सगळं मान्य करूनही मी हिशोब पूर्ण केला, कारण नुसतं घाबरून नाही म्हणणं हेही बरोबर नाही. सव्वापाच लाखांची तूट भरून निघायला चौथ्या वर्षाअखेर शेअरचा भाव किती हवा? दादा चार वर्षं राहिला, सगळे ऑप्शन एकाच वर्षी घेतले आणि लगेच विकले असं धरलं, तर फायदा सुमारे ६,१८,००० व्हायला हवा. त्यावर कर आणि सेस मिळून साधारण ९४,७०० जातात, उरतात सव्वापाच लाखांच्या जवळपास. ६,१८,००० भागिले ४,००० म्हणजे १५४.५०, त्यात एक्सरसाइजचे १०० मिळवा. उत्तर, सुमारे २५५ रुपये.

२५५! म्हणजे भाव ४०० वरून इतका खाली आला तरी बरोबरी. मला खरं तर वेगळं उत्तर हवं होतं. ही ऑफर वाटली तेवढी वाईट नव्हती. (चार वर्षांनंतरच्या लाखाची आजची किंमत ७ टक्के व्याजाने साधारण ७६ हजार, हे आपण इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्समध्ये घोकलंय. ते घातलं तर २५५ चा आकडा थोडा वर सरकतो, पण चित्र फार बदलत नाही.)

खरी अडचण "लगेच विकले" या दोन शब्दांत आहे. विकता आले नाहीत तर? समजा भाव ४०० च राहिला. शेअर घ्यायला दादाने आधी कंपनीला ४,००० गुणिले १००, म्हणजे ४ लाख भरायचे. मग १२ लाखांचा कागदी फायदा त्याच्या त्या वर्षीच्या पगारात मिळवला जाणार, आणि त्यावरचा कर सुमारे २,०५,७५०. सरकारने मान्य केलेल्या ठराविक स्टार्टअपमध्ये हा कर काही वर्षं पुढे ढकलता येतो, इतरत्र तो तेव्हाच. एकूण सहा लाखांहून जास्त स्वतःच्या खिशातून घालून हातात काय, तर विकता न येणारे शेअर. आणि नोकरी सोडली तर कित्येक कंपन्यांत ९० दिवसांतच ठरवावं लागतं, भरा नाहीतर हक्क गेला. घरात सहा लाख पडून असतील त्याच्यासाठी हा साडेचौदा लाखांचा हिशोब वेगळा, आणि आमच्यासाठी वेगळा. हे लेटरमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

दादाने स्टार्टअपला मेल लिहिली. कंपनीचे एकूण शेअर किती, म्हणजे ४,००० हा हिस्सा नेमका किती टक्के? आजपर्यंत कर्मचाऱ्यांचे शेअर कंपनीने कधी परत विकत घेतले का, आणि कुठल्या भावाने? सोडल्यावर मुदत किती? मी चौथा प्रश्न घालायला लावला, ऑप्शन निम्मे करून त्याऐवजी वर्षाला एक लाख फिक्समध्ये देता का? चार दिवसांनी उत्तर आलं. मुदत ९० दिवस. परत खरेदी अजून झालेली नाही, "विचाराधीन" आहे. फिक्समध्ये बदल शक्य नाही. एकूण शेअरचा आकडा गोपनीय.

"मग टक्का कसा काढायचा?" मी विचारलं. दादा म्हणाला, काढायचा नाही. आजोबा आतून काहीतरी पुटपुटले, ते इथे छापण्यासारखं नाही.

त्याने ११ लाखांची घेतली. पप्पांना बरं वाटलं. मला अजूनही दोन मनं आहेत. ती कंपनी चार वर्षांनी बाजारात आली आणि भाव हजारावर गेला, तर दादा मला ही वही दाखवल्याशिवाय राहणार नाही. पण माझ्या फीचा पहिला हप्ता जुलैत आहे, आणि महिन्याचे ११,८१७ हे त्याच वर्षी लागणार होते.

आता माझी पाळी. सप्टेंबरपासून कंपन्या येतील. वहीची ती पानं मी फाडून ठेवली आहेत, कुणाला हवी असतील तर लायब्ररीच्या बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे एक प्रत दिली आहे. तुमच्या लेटरचे आकडे घालून बघा. फक्त एक्सरसाइज प्राइस कुठल्या पानावर आहे ते आधी शोधा.